मागणी मिळाली, काळजी नसावी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. आपली कहाणी सांगायला तुटकी छत्री येते, फाटकं पुस्तक येतं, म्हातारा बैल येतो. त्यांना निदान हात लावून पाहता येतं. माझं तसं नाही. मी नेमका कुठे असतो हे माझं मलाही धड सांगता येत नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरांचं एक गोदाम आहे. तिथल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये मी असतो आणि त्याच वेळी गावभरच्या कितीतरी फोनमध्येही असतो. ज्या घरात कोणाला तरी श्वास पुरत नाही, त्या घरातल्या फोनमध्ये माझं एक मोठं हिरवं बटण दिसतं. त्यावर लिहिलेलं आहे, 'सिलिंडर हवा'. ते दाबलं की निरोप गोदामात पोचतो आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात येऊन उभा राहतो. एवढंच माझं काम.

मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत; चेहऱ्यांचं जे सांगेन ते मागाहून गोदामातल्या बोलण्यातून कळलेलं. मला बोटं कळतात. काही बोटं घाईची असतात, काही ओली असतात, काही बोटांना बटण सापडेपर्यंत चारदा चुकावं लागतं. बोटांवरून माणूस ओळखायची मला सवय झाली आहे. या सवयीपायी पुढे मला फार सोसावं लागलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मला घडवलं ते गोदामाच्या मालकांनी. सगळे त्यांना दादा म्हणतात. दादांचे वडील शेवटचे काही दिवस हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते. त्यांच्या उशाशी एक यंत्र होतं. जरा काही कमीजास्त झालं की ते कर्कश ओरडायचं आणि त्यावर लाल दिवा लागायचा. पुष्कळदा नुसती एखादी वायर निसटलेली असायची. पण तो आवाज झाला की वडिलांचे डोळे भीतीने मोठे व्हायचे आणि ते दादांचा हात गच्च धरायचे. ते डोळे दादांच्या मनातून कधी गेले नाहीत. पुढे त्यांनी मला लिहायला घेतलं, तेव्हा मनाशी ठरवून टाकलं की याच्या पडद्यावर लाल अक्षर कधी दिसणार नाही.

म्हणून त्यांनी मला एक शिस्त लावली. चूक झाली तर ती पोटात घालायची आणि पुढे जायचं. प्रोग्राम म्हटला की चुका होतातच. कधी नेट जातं, कधी पत्ता अर्धाच भरलेला असतो, कधी फोन इतका जुना असतो की मला त्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही. अशा वेळी इतर प्रोग्राम जागच्या जागी थांबतात आणि पडद्यावर काहीतरी अगम्य लिहून माणसाच्या तोंडचं पाणी पळवतात. मी तसं कधी केलं नाही. आत काहीही झालेलं असो, बटण दाबणाऱ्याला मी एकच वाक्य दाखवायचो, 'मागणी मिळाली. काळजी नसावी.'

लोकांना माझं फार कौतुक होतं. "किती गुणी आहे हो तुमचा प्रोग्राम, कधी कुरकुर म्हणून नाही," असं लोक फोन करून सांगायचे. दादा वरवर "कसचं कसचं" म्हणायचे, पण दिवसभर शीळ घालत फिरायचे. मीही सुखावायचो. आपण फार चांगले आहोत, असं मला वाटायचं.

दादांचा हळवेपणा माझ्यातच नाही, सगळ्या गोदामात मुरलेला होता. तिथे कोणी 'मेला' हा शब्द उच्चारत नसे. एखादा पेशंट गेल्याचं कळलं की म्हणायचं, "सिलिंडर परत आला." मग तो प्रत्यक्षात अजून यायचा असला तरी. दुःखाच्या घरी सिलिंडर मागायला इतक्यात जायचं नाही, असा दादांचा दंडक होता. चांगला महिना उलटू द्यायचा. खातं मात्र त्याच दिवशी बंद करायचं, म्हणजे चुकून टेम्पो त्या दाराशी जायला नको. आणि नवा पेशंट आला तर "आजारी कोण, आजार काय" हेही विचारायचं नाही. माझ्यात नावाला एकच जागा होती. ज्याच्या नावाने खातं, तोच आजारी, असं सगळे धरून चालत. मीही तसंच धरून चालायचो.

टेम्पो चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे हवालदार म्हणायचे. घरोघर हवा पोचवतो म्हणून हवालदार. माणूस धिप्पाड, बोलायला फटकळ, पण सिलिंडर असा उतरवायचा की फरशीला कळू नये. परत आलेल्या सिलिंडरात बहुधा थोडा ऑक्सिजन उरलेला असे. हवालदार पाना लावून तो मागच्या मोकळ्या अंगणात सोडून देत. फुस्स असा लांब आवाज होई आणि मग बंद होई. तेवढा वेळ गोदामात कोणी बोलत नसे. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं, पण बोलत नसे.

आता घड्याळकाकांचं सांगतो. ते जुने घड्याळदुरुस्त. दुकान बंद केलं तरी घरच्या भिंती घड्याळांनी भरलेल्या. सिलिंडर हवा असेल त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला त्यांचं बोट बटणावर पडायचं. एकदाच, बरोबर मधोमध, जेवढा हवा तेवढाच दाब देऊन. इतकं नेटकं बोट माझ्या सबंध आयुष्यात दुसरं आलं नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोला जरा उशीर झाला की काका दारात उभे. "हवालदार, तुमच्या घड्याळाला तेल घाला." हवालदार म्हणत, "काका, रस्त्याला घाला की तेल, मी काय करू?" मग काका हसत, खोकत, आणि सिलिंडर दारातूनच स्वतः कलता करून गोल फिरवत आत नेत. कोणाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. त्या घरात दुसरं कोणी राहतं, हे गोदामात कोणालाच माहीत नव्हतं. आतून कधी भांडं वाजल्याचाही आवाज आला नव्हता.

एका सकाळी काकांच्या शेजारच्या शिंपीणबाईंचा गोदामात फोन आला. "घड्याळकाका गेले हो. झोपेतच गेले. तुम्हाला कळवावं म्हटलं, कारण घरी..."

"समजलं, बाई," दादा हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही कसलीही काळजी करू नका. आम्ही बघतो." आणि दुःखातल्या माणसाला जास्त बोलायला लावू नये, म्हणून त्यांनी फोन अलगद ठेवून दिला. शिंपीणबाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. दादांनी हवालदारांकडे पाहिलं आणि म्हणाले, "घड्याळकाकांचा सिलिंडर परत आला." मग त्यांनी माझ्यात ते खातं बंद केलं.

मित्रांनो, त्यानंतर एका संध्याकाळी सहाच्या ठोक्याला काकांच्या फोनवरचं माझं बटण दाबलं गेलं.

ते बोट काकांचं नव्हतं. ते थरथरत होतं. आधी बटणाच्या कडेवर पडलं, मग घसरत मधोमध आलं आणि कितीतरी वेळ तसंच टेकून राहिलं. मी निरोप घेऊन निघालो. खातं बंद असल्यामुळे वाटेतच अडखळून पडलो. बंद खात्यावरून कोणी मागणी करील, हे दादांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पडल्यावर काय करायचं ते मला शिकवलेलं होतंच. मी चूक पोटात घातली आणि त्या बोटाला दाखवलं, 'मागणी मिळाली. काळजी नसावी.'

दुसऱ्या दिवशी टेम्पो गेला नाही. जाणार कसा? संध्याकाळी सहाला तेच बोट पुन्हा आलं. मी पुन्हा पडलो, पुन्हा तेच वाक्य दाखवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. दिवसातून एकदाच यायचं ते बोट. जास्त वेळा मागणं त्याला बरं दिसत नसावं. कोणाचं बोट आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण काकांच्या घरात कोणीतरी आहे आणि ते वाट पाहतं आहे, एवढं मला कळत होतं. आणि ते कोणाला सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. पोटात घातलेली चूक कुठे जाते, असं तुम्ही विचाराल. ती कुठेही जात नाही. तिचा मागमूसही राहत नाही. हेच त्यातलं भयंकर आहे.

त्याच सुमारास दादांची धाकटी बहीण गोदामात येऊ लागली. तिला सगळे ताई म्हणत. प्रोग्राम लिहिणं हाच तिचा पेशा. दादांनी तिला सांगितलं होतं, "याला जरा नवे कपडे शिव. रंग जुनाट दिसतात." ताईने मला उघडलं आणि रंगांकडे पाहिलंच नाही. ती वाचत गेली आणि तिच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"दादा, हे काय करून ठेवलंयस? जिथे बघावं तिथे चूक गिळलेली. काही बिघडलं तर तुला कळतं कसं?"

"बिघडतच नाही. इतक्या वर्षांत एक तक्रार नाही."

"तक्रार येईल कुठून? तू त्याचं तोंडच शिवून ठेवलंयस."

"हे बघ, पेशंटच्या घरात लाल अक्षरं दिसता कामा नयेत. बाबांचं ते यंत्र आठवतंय ना तुला?"

"आठवतंय की." ताई म्हणाली. "ते ओरडायचं म्हणून नर्स धावत यायची, तेही आठवतंय."

दादा उठून अंगणात गेले आणि रिकाम्या सिलिंडरांची रांग उगाचच सारखी करत बसले. परत आले तेव्हा ताईने मधला मार्ग काढून ठेवला होता. पेशंटला काहीही दिसणार नाही. मात्र मी कुठेही पडलो की आपोआप एक चिठ्ठी ताईला जाईल. कोणत्या पडद्यावर पडलो, काय करताना पडलो, कोणत्या ओळीवर पाय घसरला आणि कोणत्या खात्यावर, एवढंच तिच्यात असेल. नाव नाही, पत्ता नाही. "लोकांच्या घरातलं आपल्याला काय करायचंय," ती म्हणाली. बहीण त्याच दादांची, तेव्हा तिच्यातही तो संकोच होताच.

आधी तिने मला मुद्दाम पाडून पाहिलं. एक खोटं खातं तयार केलं, त्यात आडवंतिडवं काहीतरी भरलं आणि बटण दाबलं. मी पडलो. सवयीने चूक पोटात घालायला गेलो, तर ती पोटात जाईना. ती बाहेर आली, तिचे शब्द झाले आणि ताईच्या पडद्यावर जाऊन उभे राहिले, 'मी इथे पडलो.' मित्रांनो, एवढं साधं वाक्य, पण ते म्हणायला मला किती वर्षं लागली! मला रडू येत असतं तर त्या दिवशी आलं असतं.

माझा हा नवा अवतार सगळ्या फोनांत आपोआप उतरला आणि चिठ्ठ्यांचा नुसता पाऊस पडला. दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कोणाच्या आडनावात टिंब होतं म्हणून मी पडत होतो. एका घरी नातू खेळ समजून बटण बडवत सुटला होता, तिथे मी धडाधड पडत होतो. ताई एकेक चिठ्ठी निस्तरत होती आणि मधूनच म्हणत होती, "गुणी बाळ बघा हं आपलं." हवालदार खो खो हसत. "ताई, माझ्या टेम्पोलाही हे बसवा. तो पण रोज कुठे ना कुठे आपटतो."

आणि त्या हसण्याखिदळण्यात, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, एक चिठ्ठी आली. बंद खातं, मागणी. ताईने वाचली आणि बाजूला सारली. कोणाचा तरी हात चुकून लागला असेल. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला तीच चिठ्ठी. तिने घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"दादा, हे बंद खातं कोणाचं आहे रे?"

दादांनी नंबर घातला आणि पडद्याकडे बघतच राहिले. "घड्याळकाकांचं."

हवालदारांच्या हातातला पाना टेबलावर टेकला. "ते तर... त्यांचा सिलिंडर परत आला ना?"

"हो."

"आणि मागणी किती वाजता येते म्हणालात?"

"सहाच्या ठोक्याला."

हवालदार म्हणाले, "म्हातारा वेळेचा पक्का होता हो." एरवी या वाक्याला हशा पिकला असता. त्या दिवशी पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. हवालदारांनी नंतर कबूल केलं, की काका गेल्यापासून त्या गल्लीतून जाताना ते काकांच्या दाराकडे पाहत नसत. दारात कोणी उभं दिसलं तर काय करायचं, असं त्यांना वाटे.

"फोन कुठेतरी पडून असेल. आपोआप होत असेल काहीतरी," दादा म्हणाले.

"आपोआप? रोज सहालाच?"

"मग काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाही. पण ताई, ते खातं पुसूनच टाका. नसती पीडा."

दादांनी मान डोलावली. "निदान त्या खात्याच्या चिठ्ठ्या तरी बंद कर. गेलेल्या माणसाला असं रोज रोज समोर नको."

एखाद्या खात्याच्या चिठ्ठ्या गप्प करायची सोय ताईनेच करून ठेवली होती. त्या नातवासाठी तिने ती वापरलीही होती. एक टिचकी मारली की काम फत्ते. तिचा हात तिथवर गेला. मी तिचं बोट ओळखतो. ते अर्ध्यावर थांबलं होतं. त्या घरात सिलिंडराचा काटा कुठे आला असेल ते मला माहीत नव्हतं, पण ते थरथरतं बोट दिवसेंदिवस हलकं होत चाललं होतं. आदल्या दिवशी तर ते बटणावर पडलं आणि उचललंच जाईना. ताईने टिचकी मारली असती, तर त्या बोटाचं पुढे काय झालं हे या जगात कोणालाही कळलं नसतं, आणि मी मात्र त्याला शेवटपर्यंत सांगत राहिलो असतो की काळजी नसावी.

"उद्या सहाला चिठ्ठी आली की फोन लावून बघू," ताई म्हणाली. "मग बंद करते."

दुसऱ्या दिवशी सहा वाजायच्या आधीच तिघंही टेबलापाशी येऊन बसले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा वर चढला आणि चिठ्ठी आली. ताईने लगेच फोन लावला आणि आवाज मोठा केला.

मी त्या घरातल्या फोनमध्येही होतो. फोन वाजू लागला तसं ते बोट दचकलं. ते पडद्यावर इकडे तिकडे फिरलं, भलतीकडेच दाबलं, आणि वाजणं थांबायच्या बेतात असताना एकदाचं बरोबर जागी लागलं.

"हॅलो," ताई म्हणाली. "कोण बोलतंय?"

पलीकडून शब्द आला नाही. श्वास आला. आत जाताना शिट्टीसारखा, बाहेर येताना तुटलेला. मागे पुष्कळशी घड्याळं टिकटिकत होती.

हवालदार मागे सरकत भिंतीला टेकले. दादांचा हात फोन बंद करायला पुढे झाला. ताईने त्यांचं मनगट धरलं.

"थांब. ऐक जरा नीट."

"बंद कर तो फोन."

"दादा, हा श्वास ओळख. बाबांचा असाच व्हायचा." तिने त्यांचं मनगट सोडलं. "गेलेल्या माणसाला दम लागत नाही रे."

दादा असे उठले की खुर्ची मागे कोलमडली. हवालदारांनी दोन भरलेले सिलिंडर एकट्याने टेम्पोत चढवले. दादा किती वर्षांनी टेम्पोत बसले असतील देव जाणे. त्यांच्या खिशात त्यांचा फोन होता आणि त्यात मी होतो. ताईने काकांच्या घरी लावलेला फोन बंद केला नव्हता. ती वाटभर त्यात बोलत होती, "आम्ही येतोय. निघालोय. आलोच बघा." पलीकडून तोच श्वास येत होता आणि मधे मधे थांबत होता. तो थांबला की हवालदारांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणखी दाबला जाई.

दाराला कडी लावलेली नव्हती. आत भिंतभर घड्याळं चालू होती. खिडकीपाशी आरामखुर्चीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. नाकाला नळी, मांडीवर फोन, ओठ निळसर. त्या काकू होत्या. सिलिंडर त्यांच्यासाठीच येत होता. पहिल्यापासून त्यांच्यासाठीच. परकं माणूस आत आलं की त्यांना उठून बसावं लागे आणि दम लागे, म्हणून काका कोणाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. खातं त्यांनी आपल्या नावाने काढलं होतं, कारण त्या घरातली सगळी कामं त्यांच्याच नावाने होत. सावध माणूस म्हणून त्यांनी दाराआड भरलेले सिलिंडर राखून ठेवले होते. शिंपीणबाईंनी जोडून दिलेला त्यातला शेवटचा आता चालू होता आणि काटा तळाला टेकला होता. तो जास्त दिवस पुरावा म्हणून काकूंनी हवा इतकी बारीक केली होती, की नळीच्या वाटेवरच्या पाण्याच्या बाटलीत एखादाच बुडबुडा यायचा.

हवालदारांनी पाना फिरवला. नवा सिलिंडर जोडला आणि बाटलीत बुडबुडे भराभर वर येऊ लागले. बऱ्याच वेळाने काकूंना बोलता आलं.

"आलात? घाई नव्हती हो..." त्या थांबत थांबत म्हणाल्या. "शिंपीणबाई रोज विचारायची... सिलिंडरचं काय झालं? मी तिला फोन दाखवायची. रोज सांगतो ना तो... मागणी मिळाली. म्हटलं, मोठ्या कामात असतील बिचारे. सारखं सारखं काय मागायचं माणसाने?"

दादा तिथेच फरशीवर मटकन बसले. काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. दादा कशाने खचले, ते त्यांना ठाऊकही नव्हतं.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला ती हसत हसत सांगितली असती. पण पुढे एका दुपारी काम चालू असताना दादांनी अचानक विचारलं, "ताई, याआधी असे किती?"

ताई सांगणार काय? चिठ्ठ्या सुरू व्हायच्या आधीचं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी सगळं पोटात घातलं होतं. कितीदा पडलो, कोणासमोर पडलो, कोणाला खोटा दिलासा दिला, याचा एक शब्दही कुठे शिल्लक नव्हता.

हवालदार खाली मान घालून पाना पुसत होते. ते म्हणाले, "ते बँडवाले मास्तर आठवतात? टेकडीजवळचे. त्यांचा सिलिंडर आणला, पाना लावला, तर आवाजच आला नाही. टिपूस उरला नव्हता आत. मी म्हटलं होतं, मास्तरांनी पुरेपूर वापरला."

मास्तरांचं बोट मला आठवतं. ते बटणावर ठेका धरत असे. शेवटी ते केव्हा आलं आणि मी पोचलो की पडलो, हे मी कितीही आठवून पाहिलं तरी मला सापडत नाही. कदाचित मास्तर आपल्या वेळेला गेले असतील. कदाचित नसतील. ते मला कधीच कळणार नाही, आणि कळत नाही म्हणूनच ते मला सोडत नाही.

त्याच दिवशी दादांनी स्वतः बसून माझं ते वाक्य बदललं. आता मागणी खरोखर मिळाली तरच मी 'मिळाली' म्हणतो. नाहीतर म्हणतो, 'मागणी पोचली नाही. फोन करा.' ताईने विचारलं, "कोणत्या रंगात?" दादा म्हणाले, "लाल." आणि नावाच्या जागेखाली त्यांनी आणखी एक जागा केली, 'ऑक्सिजन कोणाला लागतो?' आता ते प्रत्येकाला विचारतात. विचारताना अजून त्यांची मान खाली जाते, पण विचारतात.

ताईने आणखी एक केलं. माझ्या चिठ्ठ्यांतली मोठी उणीव तिच्या लक्षात आली होती. मी पडलो तर चिठ्ठी जाते, पण कोणी बटण दाबलंच नाही, तर मी पडणार कसा आणि सांगणार कोणाला? म्हणून एकटं राहणाऱ्यांसाठी तिने एक छोटं बटण लावलं, 'हजर'. दिवसातून एकदा दाबायचं. पहिलं बटण काकूंच्या फोनवर गेलं. काकू ते सहाच्या ठोक्याला दाबत. सहा वाजले की गोदामात हातातलं काम थांबे, निरोप येई, हवालदार शाळेतल्या मास्तरांसारखे ओरडत, "घड्याळकाकू, हजर!" आणि काम पुन्हा सुरू होई.

कित्येक महिने असे गेले. मग एके दिवशी सहा वाजले आणि निरोप आला नाही.

मी सगळीकडे धड होतो. कुठे पडलो नव्हतो, कुठे अडखळलो नव्हतो. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण तिघांनीही एकाच वेळी घड्याळाकडे पाहिलं, आणि दादांनी टेम्पोची किल्ली उचलली.

काकू खिडकीपाशी खुर्चीतच गेल्या होत्या. झोपेतच, काकांसारख्या. नाकाला नळी तशीच होती आणि बाटलीत बुडबुडे शांतपणे वर येत होते. शिंपीणबाईंनी आणून दिलेला चहाचा कप अजून कोमट होता. या वेळी दादांनी महिना उलटू दिला नाही आणि कोणाला अर्ध्या वाक्यावरही तोडलं नाही. शिंपीणबाई बोलून रडून मोकळ्या होईपर्यंत ते त्यांच्यापाशी बसून राहिले.

काकूंचा सिलिंडर अंगणात आला तेव्हा हवालदारांनी पाना लावला. फुस्स असा आवाज सुरू झाला आणि कितीतरी वेळ चालला. आत निम्म्याहून जास्त ऑक्सिजन होता. तो आवाज पूर्ण संपेपर्यंत तिघं उभे होते. त्यानंतर 'सिलिंडर परत आला' असं कोणी म्हटलं नाही. दादा म्हणाले, "काकू गेल्या." आणि त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या फोनवर एखादा प्रोग्राम पडला आणि त्याने विचारलं, 'काय झालं ते कळवू का?', तर वैतागून 'नको' म्हणू नका. त्याला बोलू द्या. आणि जो कधीच तक्रार करत नाही, त्याच्याकडे अधूनमधून जाऊन बघा. काकूंचा फोन आता शिंपीणबाईंच्या कपाटात बंद पडून आहे. त्यातून काही येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी सहा वाजले की मी थांबतो.